कला, भांडवल आणि घर

ज्या वस्तूस बाजारांत भाव नाहीं तिला मोलहि नाहीं, असें मानण्याकडे भांडवलशाही समाजाचा कल असतो. घरांतील मुलगा किंवा मुलगी चित्रकलेकडे वा गायनाकडे वळूं लागली, कीं ‘यांत मिळकत काय?’ असें वडील मंडळी प्रथम विचारतात. त्यांची काळजी अनाठायीं आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु केवळ याच प्रश्नानें कलेचें मोल ठरविलें तर आपण काय गमावूं, हें दादासाहेब फाळके यांच्या चरित्रावरून चांगलें कळतें.

१९१२ सालीं फाळके चित्रपटाची सामग्री आणण्यासाठीं विलायतेस गेले, ते विम्याची पॉलिसी गहाण ठेवून. परत आल्यावर त्यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारी लहानशी फिल्म तयार केली, तेव्हां कोठें कर्ज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. आणि त्यासहि पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिने तारण पडले. फिल्मला भोंकें पाडण्यापासून साऱ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंतचे कष्ट बाईंनीं उपसले. ३ मे १९१३ रोजीं मुंबईस ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

यश डोळ्यांना दिसूं लागल्यावर मात्र भांडवल आपण होऊन पुढें आलें. मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या भागीदारीनें नाशकास हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली; पण लौकरच भागीदारांशीं न पटून फाळके तींतून बाहेर पडून काशीस गेले. पुढें ते परतले खरे, परंतु १९४४ सालीं नाशकांत त्यांचा अंत झाला तो ओढग्रस्तींतच. त्यांच्या नांवाचा सरकारी पुरस्कार १९६९ सालीं सुरू झाला.

भांडवलाची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यावांचून चित्रपट गांवोगांव पोंचला नसता. परंतु पिकल्या शेताचा सौदा करणारे पुष्कळ, पेरणीला बियाणें देणारे थोडे. तें बियाणें येथें एका संसारानें दिलें.

प्रत्येकानें दागिने गहाण टाकावे, असें आम्ही सुचवीत नाहीं. मात्र ज्या घरांत किराणा, फी आणि विम्याचा हप्ता यांचा हिशेब चोख राहतो, तेथें पुस्तक, तंबोरा किंवा नाटकाचें तिकीट यांसाठींहि एक रकाना असावा. आणि त्या रकान्यापुढें ‘परतावा किती?’ असें कोणी लिहूं नये.