काकडी खायची असते

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मे महिन्यात भुसावळकडून येणारी गाडी मलकापूर स्टेशनात शिरते तेव्हा डब्यातली माणसं उकडून अर्धमेली झालेली असतात. अशा वेळी खिडकीशी टोपली घेऊन कुणी काकडीवाला येतो. काकडी उभी चिरतो, चार फाका करतो, मीठ-तिखट भुरभुरतो आणि कागदावर ठेवून हातात देतो. त्या चिरण्याबरोबर एक वास सुटतो. हिरवा, ओला, थंड. घास तोंडात जायच्या आधीच माणसाला हुशारी येते. मी या गावचा, आणि कवितेच्या नादानं आयुष्यभर वासांचा वेडा. पण या वासाकडे मी नीट लक्ष दिलं ते माझ्या भाच्यामुळे.

माझ्या थोरल्या बहिणीचा, आपाचा, हा मुलगा पुण्याला नोकरी करतो. सुट्टीत आला होता. दुपारी जेवणं झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, “मामू, तुमच्या ओळखीच्या अत्तरवाल्याकडे काकडीचा अर्क मिळेल का? सरबतात घालतात तो. खाण्याचा.” मला वाटलं, पोराला सरबत करायचं असेल. मी चप्पल पायात घातलीसुद्धा. जाता जाता सहज विचारलं, “किती माणसांचं करायचंय?” तो हसला आणि खिशातून पेनसारखी एक नळी काढली. विजेवर चालणारी सिगारेट! तिच्यात भरायचं द्रव तो खोलीवर स्वतःच बनवत होता. आता त्याला त्यात काकडीचा स्वाद हवा होता. “उन्हाळ्यात थंड वाटतं मामू. आणि काकडीच तर आहे, तिनं काय होणार?”

मी चप्पल काढून ठेवली. पण ‘काय होणार’ या प्रश्नाचं उत्तर त्या क्षणी माझ्याकडे नव्हतं. बी. ए. झालेला माणूस, रसायनशास्त्राशी संबंध नाही. मग मी वाचलं, डॉक्टर स्नेह्यांना विचारलं. त्यातून जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो आहे.

पहिली गंमत अशी, की अख्ख्या काकडीला तो वास जवळजवळ नसतोच. टोपलीतली काकडी नाकाशी धरून पाहा. वास तयार होतो तो सुरी फिरल्यावर. काकडीच्या पेशींमध्ये एक स्निग्धाम्ल असतं आणि त्याच्यापासून वेगळी ठेवलेली काही विकरं असतात. सुरीनं पेशी फुटल्या की ही दोन्ही एकमेकांना भेटतात, हवेतला प्राणवायू येऊन मिळतो आणि काही क्षणांत नवी द्रव्यं तयार होतात. त्यातलं मुख्य द्रव्य म्हणजे नोनाडायनाल. अब्जावधी थेंब पाण्यात त्याचा एखादा थेंब असला तरी आपल्या नाकाला कळतो. चिरून ठेवलेल्या काकडीचा वास थोड्या वेळानं उतरतो, हेही आपल्या अनुभवाचं आहे. म्हणजे हा वास ताज्या जखमेचा आहे, आणि क्षणभराचाच आहे.

हेच द्रव्य व्हायोलेट नावाच्या झाडाच्या पानांतही सापडतं. युनानी औषधात ज्याला बनफ्शा म्हणतात, ते हेच झाड. आमच्याकडे खोकला झाला की हकीमसाहेबांच्या जोशांद्यात बनफ्शाची फुलं असत. ज्या झाडाचा काढा छाती मोकळी व्हावी म्हणून प्यायचा, त्याच्याच पानातला सुगंध आज पोरं छातीत धूर म्हणून ओढू पाहताहेत! अर्थात बाटलीतला काकडीचा स्वाद काही काकडी पिळून काढलेला नसतो. बहुतेक वेळा हे द्रव्य कारखान्यात बनवतात आणि दुसऱ्या एखाद्या द्रवात विरघळवून विकतात. सरबत, आइस्क्रीम यांत त्याचा थेंबभर वापर होतो. खाण्यासाठी ते चालतं, यात वाद नाही.

वाद पुढे आहे. भाचा मला बाटलीवरची अक्षरं दाखवत होता, “हे बघा, खाण्यायोग्य लिहिलंय.” मी म्हटलं, बरोबर लिहिलंय. खाण्यायोग्य. ओढण्यायोग्य असं कुठं लिहिलंय? अमेरिकेत स्वादद्रव्यं बनवणाऱ्यांची जी संघटना आहे, तिनंसुद्धा हे स्वच्छ सांगून टाकलं आहे, की आम्ही एखादं द्रव्य सुरक्षित म्हणतो ते अन्नात वापरण्यापुरतं. श्वासावाटे घेण्याबद्दल आम्ही काही म्हटलेलं नाही. जो माल विकतो तोच हे सांगतो आहे, मग आपण का ऐकू नये?

तोंडाची वाट आणि छातीची वाट एक नाही. खाल्लेली वस्तू पोटातल्या आम्लातून जाते, आतड्यातून यकृताकडे जाते. यकृत हा शरीराचा जकातनाका. तिथं बरंच काही अडवलं जातं, मोडलं जातं. फुप्फुसात असा नाका नाही. तिथं कोट्यवधी बारीक फुगे आहेत. ते सगळे उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी घराएवढी. आणि या फुग्यांची भिंत केसापेक्षा कितीतरी पातळ. तिला फक्त हवा ओळखीची. हवेखेरीज तिथं जे जाईल ते परकं.

याचे दाखले आहेत. २००० साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, मक्याच्या लाह्यांच्या एका कारखान्यात काम केलेल्या आठ जणांना फुप्फुसाचा एकच दुर्मिळ आजार झाल्याचं उघडकीला आलं. बारीक श्वासनलिका आतून जखमी होऊन आखडतात आणि पुन्हा पूर्ववत होत नाहीत, असा तो आजार. शोध घेतला तेव्हा संशयाची सुई लोण्याच्या स्वादाकडे वळली. त्यातलं डायअसेटिल नावाचं द्रव्य तर खऱ्या लोण्यातही असतं. लाह्या खाणाऱ्यांना त्यानं काही झालं नव्हतं. कढईजवळ उभं राहून त्याची वाफ रोज छातीत घेणारे आजारी पडले. काकडीच्या स्वादात हेच द्रव्य असतं असं मी म्हणत नाही. पण ‘खायला चालतं म्हणजे ओढायला चालतं’ हा समज किती महाग पडतो, ते यावरून दिसतं.

दुसरा दाखला २०१९चा. अमेरिकेत विजेच्या सिगारेटी ओढणारी तरुण मुलं अचानक धाप लागून रुग्णालयात येऊ लागली. फेब्रुवारी २०२०पर्यंत अशा रुग्णांची संख्या २,८००च्या घरात गेली आणि ६८ माणसं दगावली. त्यातल्या बहुतेकांनी गांजातलं द्रव्य घातलेला माल ओढला होता, तोही मित्रांकडून किंवा चोरट्या मार्गानं आलेला. तो दाट दिसावा म्हणून त्यात ‘ई’ जीवनसत्त्वाचं एक तेलकट रूप मिसळलेलं आढळलं. जीवनसत्त्व! गोळीतून गिळतात, चेहऱ्याला चोळतात. पोटाला आणि कातडीला चाललेलं छातीला चाललं नाही. घरी द्रव बनवणाऱ्यानं हे मुद्दाम ध्यानात ठेवावं, कारण बाजारातले पुष्कळ सुगंध तेलातच असतात. अत्तरवाल्याकडची कुठली बाटली तेलातली आणि कुठली नाही, हे माझ्यासारख्या जुन्या गिऱ्हाइकालाही सांगता येत नाही.

त्यात उष्णता येते. त्या नळीत एक बारीक तार असते. ती तापून दोनशे अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही वर जाते, तेव्हा त्या द्रवाचा धूर होतो. द्रवाचा पाया असतो ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल. फार तापलं तर त्यांच्यापासूनच फॉर्माल्डिहाइडसारखे दाहक वायू निघतात. शिवाय स्वाद देणारी अनेक द्रव्यं, काकडीचं द्रव्य धरून, अल्डिहाइड या जातीची. ही जात स्वस्थ बसणारी नाही. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं, की व्हॅनिलासारखे काही स्वाद या द्रवात नुसते बाटलीत ठेवले तरी त्यांची द्रवाशी प्रक्रिया होऊन नवी संयुगं बनतात, आणि ती श्वासमार्गाला झोंबणारी असतात. म्हणजे आपण घातलं एक आणि ओढलं भलतंच. घरच्या मोरीत बसून मिसळणाऱ्याला हे कळणार कसं? निकोटीनचं माप चुकलं तर वेगळाच अनर्थ. ते विष आहे आणि कातडीतूनही शरीरात जातं. घरात लहान मूल असेल तर त्या गोड वासाच्या बाटलीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

आणि तो थंडावा? तो तर निव्वळ भास. खरी काकडी थंड करते, कारण तिच्यात शंभरातले पंचाण्णव भाग पाणी. विजेच्या सिगारेटीत थंडाव्यासाठी मेंथॉल किंवा तशीच दुसरी द्रव्यं घालतात. आपल्या नसांमध्ये गारवा ओळखणारी एक कळ आहे. २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांनी मेंथॉलच्याच मदतीनं ती शोधली. पुढे २०२१ साली स्पर्श आणि तापमानाच्या जाणिवेवरील कामासाठी दोघांना नोबेल मिळालं. मेंथॉल ती कळ दाबतं आणि मेंदूला वाटतं, गार झालं. प्रत्यक्षात तापलेल्या तारेवरचा धूर घशात चाललेला असतो. घसा खवखवला तर माणूस थांबतो. खवखव झाकली गेली की तो आणखी ओढतो. स्वादाचं खरं काम हेच आहे.

काकडी निवडली जाते ती उगाच नव्हे. अमेरिकेत २०१५ साली बाजारात आलेल्या जूल या विजेच्या सिगारेटीच्या स्वादांमध्ये आंब्याबरोबर काकडीही होती. शाळा-कॉलेजातली मुलं त्या नळीच्या इतकी आहारी गेली की २०१८च्या डिसेंबरमध्ये तिथल्या सर्जन जनरलना साथ आली आहे असं जाहीर करावं लागलं. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीनं आंबा, काकडी वगैरे स्वादांची अमेरिकेतली विक्री थांबवली. आंबा आणि काकडी! आपल्या मे महिन्याच्या ताटातली नावं. ती ऐकून कुणाला धोक्याची शंका येईल?

आपल्याकडे कायदा झाला आहे. २०१९च्या कायद्यानं ही उपकरणं किंवा त्यांचे भाग बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, त्यांची जाहिरात करणं यांवर देशभर बंदी आहे. निकोटीन नसलं तरी बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसत्या साठ्यासाठीही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे मी भाच्याला सांगितलं. पण कायद्याच्या भीतीनं तरुण मुलगा ऐकतो असा माझा अनुभव नाही.

तो म्हणाला, “मामू, तुम्ही दिवसभर कानात अत्तराचा फाया ठेवता. ते नाही का ओढत?” प्रश्न बिनतोड होता. मी म्हटलं, अत्तर अंगाच्या उबेनं उडतं, त्याची पुसटशी झुळूक नाकाशी येते. तू तर थेंब तापवून, त्याचा ढग करून, छातीच्या तळापर्यंत नेतोस, आणि तेही दिवसातून शेकडो वेळा. मग तो म्हणाला, “सिगारेट सोडायला घेतली होती. विलायतेत डॉक्टरच सांगतात म्हणे.” हेही खोटं नाही. ब्रिटनमध्ये प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेट सोडण्यासाठी असा सल्ला दिला जातो, कारण जळत्या तंबाखूपेक्षा तो कमी घातक मानतात. पण तिथं निकोटीनचं प्रमाण ठरलेलं आहे, जीवनसत्त्वासारखी द्रव्यं घालायला मनाई आहे. खोलीवरच्या बाटलीत काय आहे, याचा जामीन कोण राहणार? सोडायचंच असेल तर आपल्याकडे औषधाच्या दुकानात निकोटीनचं च्युइंगगम मिळतं. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत दूरध्वनी आहे, १८००-११२-३५६.

मी उपदेश करायला फारसा लायक माणूस नाही. कविसंमेलनांच्या आणि मुशायऱ्यांच्या रात्री मी बावीस वर्षं विड्या ओढल्या. विडी हातात नसेल तर ओळ सुचत नाही असं मला वाटायचं. आज नळगंगेचा पूल ओलांडून चालत जायचं तर मध्ये दोनदा थांबावं लागतं. ओळी मात्र विडीशिवायही सुचतात, आणि वाईट तर वाईट, पण माझ्या असतात. भाच्याला मी एवढंच सांगितलं, की तुझ्या वयात मला कुणी हिशोब मांडून दाखवला नाही, म्हणून मी तुला दाखवतो आहे.

संध्याकाळी आपानं काकडी चिरायला घेतली. तिनं देठाकडचा तुकडा कापला, तोच तुकडा चिरेवर गोल घासला, पांढरा फेस काढून टाकला आणि पहिली फाक चाखून पाहिली. कडू निघाली तर फेकायची, ही आपल्या घराघरातली रीत. जिभेला निदान असा इशारा मिळतो. छातीला कडू-गोड कळत नाही, तिला जे द्याल ते ती घेते.

भाच्यानं ती नळी माझ्यासमोर फोडली, असं काही घडलं नाही. ती त्याच्या बॅगेतच परत गेली. पण अर्काची बाटली त्यानं पुन्हा मागितली नाही. परवा फोन आला तेव्हा म्हणाला, “मामू, ते च्युइंगगम फार कडू लागतं हो.” मी म्हटलं, लागू दे बेटा. वरून मीठ लावून काकडी खा.