पॉइंटांवर गोवा

हॉटेलच्या पॉइंटांवर सहकुटुंब गोव्याला जायचं, यात सगळ्यात जास्त काम गाडी चालवणाऱ्याला नसतं. ते असतं सुट्टीच्या कितीतरी आधी, रात्री जेवणं उरकल्यावर मोबाइल घेऊन बसणाऱ्या माणसाला. आमच्या घरी ते काम माझ्याकडे आहे. पॉइंट नवऱ्याच्या नावावर, हिशेब माझा, आणि "अजून झालं नाही का तुझं?" हा प्रश्न उरलेल्या चौघांचा.

हे पॉइंट येतात कुठून, ते आधी सांगते. विमान कंपन्यांनी वाट दाखवली. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये नेहमीच्या प्रवाशांना मैल द्यायला सुरुवात केली आणि १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियटने तोच खेळ हॉटेलात आणला. गिऱ्हाईक डोळ्यांसमोर होतं ते एकच: महिन्यातले पंधरा दिवस बॅग घेऊन फिरणारा, एकटा, कंपनीच्या पैशाने राहणारा नोकरदार. त्याला आपल्याकडे ओढायचं तर बिल भरणाऱ्या कंपनीला सवलत देऊन उपयोग नाही, त्या माणसालाच काहीतरी द्यायला हवं. म्हणून खर्च कंपनीचा आणि पॉइंट माणसाचे. मॅरियटच्या बहुतेक ब्रँडमध्ये आजही एका डॉलरच्या खर्चामागे १० पॉइंट मिळतात. म्हणजे वीस हजार पॉइंट जमवायला दोन हजार डॉलर, आपले पावणेदोन लाखांच्या आसपास रुपये, हॉटेलात घालवावे लागतात. हौसेने फिरणारं मध्यमवर्गीय कुटुंब एवढे पैसे खोलीभाड्यावर घालवत नाही. हे पॉइंट बहुधा घरातलं कोणीतरी सोमवार ते गुरुवार घरी नसण्याचे असतात. सासूबाईंना हे पटवायला मला वेळ लागला. त्यांच्या मते पॉइंट म्हणजे लॉटरी.

दुसरा रस्ता क्रेडिट कार्डाचा. बँकेचे पॉइंट हॉटेलच्या खात्यात वळवता येतात, किंवा हॉटेलच्या नावाचंच कार्ड घेता येतं. एचडीएफसी बँकेने २०२३ मध्ये मॅरियटचं कार्ड काढलं तेव्हा त्याची वर्षाची फी तीन हजार अधिक जीएसटी होती आणि त्या बदल्यात १५ हजार पॉइंटांपर्यंतची एक रात्र मिळत होती. वर्षातून एकदा ती रात्र खरोखर वापरणाऱ्याला हा सौदा चांगला. न वापरणारा तीन हजार पाचशे चाळीस रुपये भरून मोकळा.

आता रात्रीचं काम. खोलीचे पॉइंट ठरलेले नसतात. मॅरियटने २०२२ मध्ये जुना ठरीव तक्ता काढून टाकला, तेव्हापासून तारखेप्रमाणे आकडा हलतो. त्यामुळे तारखांचं कॅलेंडर उघडायचं आणि दोन आकडे शेजारी ठेवायचे: त्याच रात्रीचं रोख भाडं करासहित, आणि पॉइंट. रोख रकमेला पॉइंटांनी भागलं की एका पॉइंटला किती पैसे मिळाले ते कळतं. समजा, दिवाळीच्या सुट्टीत भाडं नऊ हजार आहे. साडेसात हजारांवरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी, म्हणजे हातातून जाणार १०,६२० रुपये. तीच खोली १५ हजार पॉइंटांना असेल तर एका पॉइंटचे सत्तर पैसे आले. पॉइंटांवर घेतलेल्या खोलीला हा कर सहसा वेगळा लागत नाही, हे विसरायचं नाही. बरेच जण नुसतं भाडं धरतात आणि गणित चुकतं. आता तीच खोली पावसाळ्यात सहा हजारांना. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्केच कर आहे, म्हणजे एकूण ६,३००. तिथे हॉटेल १३ हजार पॉइंट मागत असेल तर पॉइंटचे पन्नास पैसेही येत नाहीत. अशा वेळी मुकाट्याने रोख भरावेत आणि पॉइंट गर्दीच्या दिवसांसाठी ठेवावेत. 'फुकट आहे' म्हणून पावसाळ्यातल्या स्वस्त खोलीवर पॉइंट उधळणारे मी खूप पाहिले आहेत.

मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंटांवर घेतल्या तर त्यातली सगळ्यात कमी पॉइंटांची एक माफ होते. चारच रात्री राहणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो एक दिवस उगाच कमी राहून येतो. नवरा-बायकोचे वेगवेगळ्या खात्यांतले पॉइंटही एकत्र करता येतात. एका खात्यातून वर्षाला एक लाखापर्यंत दुसऱ्याला देता येतात.

खरी अडचण माणसं मोजताना येते. ज्या नोकरदारासाठी ही योजना निघाली तो एकटा होता. आम्ही सहा: आम्ही दोघं, दोन मुलं, सासू-सासरे. वेबसाइटवर 'तीन मोठी माणसं' टाकलं की निम्म्या खोल्या यादीतून गायब होतात. एका खोलीत दोन मोठे आणि दोन मुलं कशीबशी बसतात, आजी-आजोबांना वेगळी खोली लागतेच, म्हणजे पॉइंट थेट दुप्पट. तिसऱ्या माणसाचा जादा पलंग पॉइंटांत बसत नाही, त्याचे रोख पैसे. दोन खोल्यांमध्ये आतून दार हवं असेल तर कॉल सेंटरला सांगून काही होत नाही; थेट त्या हॉटेलच्या रिसेप्शनला फोन करून, बुकिंग नंबर देऊन, आदल्या दिवशी पुन्हा आठवण करावी लागते. हे फोन मी करते, कारण नवऱ्याला ते संकोचाचं वाटतं. कामासाठी राहिलेल्या माणसाला आजींच्या खोलीचं दार कुठे उघडतं याच्याशी कधी देणंघेणं नसतं.

रस्त्यावर मात्र पॉइंटांचा काही संबंध नाही, आणि मला तोच भाग जास्त आवडतो. पुण्याहून आंबोलीमार्गे पणजी साधारण साडेचारशे किलोमीटर. पहाटे पाचला निघायचं, कारण हॉटेलची खोली दुपारी तीनला मिळते आणि घाट उजेडात उतरायचा असतो. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी हे टोलनाके फास्टॅगमुळे आता झटकन जातात. कोल्हापुरात मिसळ, मग निपाणी. निपाणी कर्नाटकात, तिथून हायवे सोडून उत्तूर-आजरा केलं की पुन्हा महाराष्ट्र. आजऱ्यानंतर झाडी दाट होते, गाडीतला एसी बंद होतो आणि काचा खाली येतात. आंबोलीचा घाट उतरताना धाकट्याला हमखास मळमळतं, म्हणून सासूबाईंच्या पर्समध्ये आल्याच्या वड्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या तयार. खाली दाणोली, मग सावंतवाडी. इथे चितारआळीत लाकडी खेळण्यांसमोर अर्धा तास जातो. जेवायला मोती तलावाच्या जवळपास एखादी खानावळ, सुरमईचं ताट आणि सोलकढी. बांद्यानंतर पत्रादेवीला गोव्याची हद्द लागते. १५ ऑगस्ट १९५५ ला गोवामुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींवर इथेच पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. हुतात्मा स्मारक आहे. सासरे गाडी थांबवायला लावतात, आणि मुलांना दरवेळी तेच सांगतात.

म्हापशाहून हणजुण्याकडे वळलो की तीन वाजलेले असतात. मग रिसेप्शनचा काउंटर. प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार कार्ड, हमीपत्रावर सही, डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड. कार्ड मागितलं की सासूबाई कानाशी येतात, "अगं, फुकट ना? मग कार्ड कशाला?" काउंटरवरची मुलगी हसून सांगते, "आजी, नुसतं ब्लॉक करतो, घेत नाही." मग नाश्त्याचा विषय. मॅरियटमध्ये वर्षाला ५० रात्री राहणाऱ्याला प्लॅटिनम दर्जा मिळतो आणि बऱ्याच ब्रँडमध्ये नाश्ता मोफत असतो, पण तो सभासद आणि त्याच्यासोबत आणखी एकाला. आम्ही सहा. चौघांच्या नाश्त्याचे पैसे भरले तर पॉइंटांनी वाचवलेल्या रकमेचा मोठा हिस्सा चार दिवसांत परत जातो. हे हॉटेलांना पक्कं ठाऊक असतं. खोली पॉइंटांवर आणि कमाई जेवणावर.

यावर तोड सासऱ्यांनी काढली. सकाळी फिरायला गेले असता सायकलवरून भोंगा वाजवत येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, त्यांना भेटला. त्याच्या टोपलीतून गरम पोयी आणि उंडे घेऊन ते परतले. नाक्यावरच्या टपरीतून पातळ भाजी आणली आणि खोलीच्या बाल्कनीत नाश्ता झाला. प्लॅटिनमवाले दोघं खाली बुफेला जाणार होते, तेही वर आले.

एक इशारा. पॉइंटांत परवडणारी हॉटेलं बऱ्याचदा वाळूला लागून नसतात. 'बीचपासून पाच मिनिटे' याचा अर्थ गाडीने पाच मिनिटे असा घ्यावा. नातवंडांचा हात धरून चालत जाणाऱ्या आजींना ते अंतर वीस मिनिटांचं पडतं, तेही फुटपाथ नसलेल्या रस्त्यावरून. म्हणून बुकिंगच्या आधी नकाशावर हॉटेलपासून किनाऱ्यापर्यंत चालण्याचं अंतर बघावं. हॉटेलच्या पानावरचे फोटो बघून काही कळत नाही. किनारा मात्र सगळ्यांचा असतो, वीस हजारांची खोली घेतलेल्याचा आणि सकाळच्या बसने आलेल्याचाही. पाण्यात उतरायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात. २००८ पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर 'दृष्टी' या कंपनीचे जीवरक्षक असतात. त्यांची शिट्टी वाजली की बाहेर यायचं, वाद घालायचा नाही.

मालवण-तारकर्लीला घरगुती निवासात राहिलो असतो तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. तिथे काकू "किती माणसं?" एवढंच विचारतात आणि तेवढ्या चटया टाकतात. खर्चही कदाचित तेवढाच आला असता. पण पॉइंट खात्यात पडून राहिले तर त्यांचं काही लोणचं मुरत नाही. मॅरियटच्या खात्यात २४ महिने काहीच हालचाल झाली नाही तर सगळे जातात, आणि जे राहतात त्यांची किंमत हळूहळू घसरत जाते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पॉइंट साठवण्यासाठी नाहीत. सुट्टीच्या महागड्या रात्रींना वापरावेत, आणि रोख भाडं कमी असेल तेव्हा पॉइंटांना हात लावू नये.

दिवाळीत जायचं असेल तर खोल्या आत्ताच धरून ठेवा. पॉइंटांची बुकिंग बहुधा विनाशुल्क रद्द करता येते आणि पॉइंट खात्यात परत येतात, पण त्याला शेवटची तारीख असते आणि सुट्टीच्या दिवसांत ती बरीच आधीची असते. ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा.