शंभर वॅटचा भ्रम

व्हॉल्व्हचा जुना गिटार अ‍ॅम्प्लिफायर १०० वॅटचा असला, की तो ५० वॅटवाल्याच्या दुप्पट दणाणतो, ही भल्याभल्यांची समजूत. प्रत्यक्षात फरक जेमतेम ३ डेसिबलचा. कानाला आवाज दुप्पट वाटायला शक्ती साधारण दहापट लागते.

‘अस्सल ब्रिटिश’ आवाजाची गंमत तर वेगळीच. जिम मार्शल यांच्या लंडनमधल्या दुकानात १९६२ साली घडलेला जेटीएम-४५ हा अ‍ॅम्प्लिफायर अमेरिकन फेंडर बासमन अ‍ॅम्प्लिफायरच्या सर्किटवर बेतलेला होता. आणि बासमन मुळात बास गिटारसाठी!

‘जुनं ते सोनं’ म्हणत आतले मूळ कपॅसिटर जपणाऱ्यांना काय म्हणावं? इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयानुसार सुकतात, घरघर वाढते. ते बदलून घ्या, पण जाणकाराकडूनच. प्लग काढल्यावरही त्यांत ४०० व्होल्ट साठून राहू शकतात.