वणवा दिवाळीत ठरतो

वनखात्याच्या दप्तरी महाराष्ट्रातला अग्निहंगाम 15 फेब्रुवारीला सुरू होतो आणि 15 जूनला संपतो. त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, काढून व्हायला हव्यात, हंगामी मजूर नेमून व्हायला हवेत, ब्लोअर दुरुस्त करून ठेवायला हवेत. गवताचं वेळापत्रक निराळं आहे. कोकणातल्या सड्यांवर आणि सह्याद्रीच्या उतारांवर ते नवरात्रात कमरेला लागतं, दिवाळीत पिवळं पडू लागतं आणि तुळशीची लग्नं उरकेपर्यंत त्यातला ओलावा बराचसा गेलेला असतो. हा अंक तुमच्या हातात आहे तेव्हा ते डोंगरावर उभं आहे. फेब्रुवारीत ठिणगी पडली तर तिला काय मिळणार, हे पुढच्या काही आठवड्यांत कोयता चालतो की नाही यावर ठरणार आहे.

लहानपणी सुटीत गावी गेलो की रात्री अंगणातून समोरच्या डोंगरावर आगीची माळ दिसायची. आम्ही पोरं ती कुठे तुटते, कुठे पुन्हा जुळते ते बघत बसायचो. मोठ्यांपैकी कुणी उठत नसे. ‘वणवा लागलाय’ हे वाक्य ‘आभाळ भरून आलंय’ अशा सुरात बोललं जाई. मराठीत वणवा नेहमी ‘लागतो’. तो कुणी लावला, हे त्या क्रियापदात येत नाही. वास्तविक आपल्याकडे वीज पडून रान पेटण्याचे प्रसंग विरळा. उन्हाळ्यात वीज येते ती बहुधा वळवाच्या पावसाबरोबर. बाकी जवळजवळ सगळी आग माणसाच्या हातची: राब भाजताना बांधाबाहेर गेलेला जाळ, टाकलेली बिडी, मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवणं, ससे-डुकरं उठवायला लावलेली आग, सहलीला आलेल्यांची चूल, वाऱ्यात घासणाऱ्या विजेच्या तारा. आणि एक जुना समज, की जाळलं म्हणजे पुढच्या वर्षी गवत जोमानं येतं.

हा समज पुरता खोटा नाही, म्हणूनच तो टिकला आहे. राखेतून पालाश मिळतं, उन्हाला जमीन मोकळी होते, हिरवे कोंब लवकर दिसतात. पण नत्र धुरातून उडून जातं, आणि कोणतं गवत वर येतं ते पाहायचं कुणी थांबत नाही. कुसळीच्या बियाला लांब पीळदार शेपूट असतं. ओलावा लागला की पीळ सुटतो, वाळला की पुन्हा बसतो, आणि या मळसूत्री चालीनं बी मातीत शिरतं. वरून आग जाते तेव्हा ते खाली सुखरूप असतं. पवन्या, मारवेल ही जनावरं आवडीनं खातात ती गवतं वारंवारच्या आगीत मागे पडतात. वर्षानुवर्षं जाळलेल्या डोंगरावर शेवटी कुसळच हाती लागतं. शिवाय जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, कासवं, खवले मांजर, पाचोळ्यातली रोपं यांचा हिशेब वेगळाच. पहिल्या पावसात त्या उघड्या उतारावरची माती ओढ्यात जाते, तोही वेगळा.

आगीची चाल समजून घेणं अवघड नाही. चढावर ज्वाळा पुढच्या गवताकडे झुकते, ते आधीच तापवते. उताराचा कोन दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा आग विझवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. कोकणात त्यात दुपारच्या खाऱ्या वाऱ्यांची भर पडते. समुद्राकडून येणारा हा वारा आग डोंगरावर चढवतो. रात्री मतलई सुटले, हवा गार झाली, दव पडलं की तीच आग मलूल होते. जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. बांधाकडेचा पट्टा ते सकाळच्या दवात किंवा तिन्हीसांजेनंतर, वरच्या अंगानं खाली असा, चार माणसं ओल्या डहाळ्या घेऊन उभी करून जाळत. जाळण्याची बंदी असलेल्या काळातही जाळण्याची विद्या गावाकडे होती.

बंदी इंग्रजांची. 1860 च्या दशकात मध्य प्रांतात, सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात कर्नल पिअर्सन यांनी आग रोखण्याचा पहिला मोठा प्रयोग केला. तिथून जाळरेषा, पहारे आणि शिक्षा ही त्रयी देशभर गेली. सागाला जपायचं होतं, कारण साग म्हणजे पैसा. गंमत अशी की खुद्द त्यांच्याच अधिकाऱ्यांना शंका येऊ लागली. 1896 मध्ये त्यांतल्याच स्लेड यांनी ‘इंडियन फॉरेस्टर’मध्ये बर्मातल्या अतिरेकी अग्निसंरक्षणावर टीका केली. आग अजिबात येऊ दिली नाही तर खाली झुडूप माजतं, सागाची नवी रोपं उभी राहत नाहीत, आणि शेवटी आग आली की ती मोठी येते. पुढे खात्यानंच थंडीत ठरवून हलकी आग देण्याची पद्धत स्वीकारली. कायद्यात मात्र बंदी तशीच राहिली. 1927 च्या वन कायद्याचं कलम 26 आजही राखीव जंगलात आग लावणं गुन्हा मानतं.

त्याच कायद्याखाली राखीव जंगलातलं गवत परवानगीविना कापणंही गुन्हा होता. 10 जुलै 1930 रोजी पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी जंगलातलं गवत कापून कायदा मोडला आणि अटक करवून घेतली. वऱ्हाडातला जंगल सत्याग्रह तिथून पेटला. त्याच वर्षी सप्टेंबरात, अशाच सत्याग्रहात, कोकणातल्या चिरनेरच्या लोकांनी गोळ्या झेलल्या. गवताच्या भाऱ्यासाठी माणसं तुरुंगात जात होती, कारण गवत म्हणजे जनावर, जनावर म्हणजे शेत, आणि छप्परही गवताचंच. आज त्याच राज्यात ‘कापून न्या हो’ म्हणून विनवलं तरी कुणी येत नाही.

कोकणापुरतं बोलायचं तर कारणं डोळ्यांसमोर आहेत. शाकारलेली घरं गेली, कौलं आली, आता पत्रेही आले. नाचणी-वरीची वरकस जमीन पडीक पडली. पूर्वी दोन डोंगरांमधली ही शेतं म्हणजे आपोआपच्या जाळरेषा होत्या. गुरं कमी झाली. 2012 आणि 2019 च्या पशुगणनांच्या दरम्यान महाराष्ट्रातलं गोधन सुमारे 1 कोटी 55 लाखांवरून 1 कोटी 40 लाखांवर आलं. ठाणे-पालघरकडचं गवत गासड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांना जात असे, तो धंदाही आटत गेला. आणि माणूस मुंबईत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात डोंगरउतारांचा मोठा भाग खासगी मालकीचा आहे, वनखात्याची जाळरेषा तिथे येतच नाही. एका सातबारावर तीस-चाळीस नावं, त्यातली अर्धी डोंबिवली-विरारला, काही हयात नाहीत. अशा जमिनीचं गवत कोण कापणार? शेजारच्या बागायतदारानं स्वतःच्या कलमांखाली बेणणी करून घेतलेली असते, गडग्याच्या आत जमीन लख्ख असते. गडग्यापलीकडे सामायिक रान उभं. जानेवारी-फेब्रुवारीत तिकडून आग येते आणि पंधरा-वीस वर्षं वाढवलेली हापूसची कलमं मोहरासकट करपतात. गवत कमी झालं की आग कमी होते, एवढं साधं गणित. पण गवत वाढलंय ते गाव ओसरल्यामुळे, आणि ते कुठल्याच खात्याच्या टिपणीत बसत नाही.

हवामानबदल या रिकाम्या गावात शिरला आहे. हवा एका अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. पावसाळ्यात याचा अर्थ मोठ्या सरी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीनं वाढल्या. उन्हाळ्यात त्याच गणिताचा अर्थ उलटा: तापलेल्या हवेची तहान मोठी, ती गवतातलं आणि पाचोळ्यातलं पाणी अधिक ओढून घेते. लांबलेल्या पावसानं गवत दाट, लवकर आलेल्या उन्हानं ते कोरडं. मार्च 2022 हा 1901 पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वात उष्ण मार्च ठरला, आणि 2023 चा फेब्रुवारी तोवरचा सर्वात उष्ण फेब्रुवारी.

त्याच फेब्रुवारीनंतर, मार्च 2023 च्या पहिल्या आठवड्यात, गोव्यात सत्तरीतलं म्हादई अभयारण्य पेटलं. हे दमट रान, सहसा न जळणारं. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं बादल्यांनी पाणी ओतत होती, वनरक्षक आणि गावकरी खाली डहाळ्या घेऊन झोडपत होते. कारणावरून पुष्कळ वाद झाला. मला त्यातून एवढंच कळलं, की ‘आमच्याकडे पाऊस भरपूर, आम्हाला वणव्याची काय भीती’ हे म्हणायचे दिवस गेले.

गोव्यात काजू आणणाऱ्या पोर्तुगीजांच्या मायदेशाची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती आपल्या पुढच्या पन्नास वर्षांची असू शकते. पोर्तुगालच्या आतल्या भागातली खेडी 1960 पासून रिकामी होत गेली. पायऱ्यांची शेतं सुटली, शेळ्या गेल्या, मोकळ्या जमिनीवर पाइन आणि कागद गिरण्यांसाठी निलगिरी उभी राहिली. 17 जून 2017 रोजी पेद्रोगांव ग्रांदे इथे लागलेल्या आगीत 66 माणसं मेली, त्यातली बरीचशी गाड्यांतून पळताना रस्त्यावरच. ऑक्टोबरात आणखी सुमारे पन्नास. वर्षभरात पाच लाख हेक्टरांहून अधिक रान जळलं. तेव्हा तिथल्या सरकारला हिशेब दिसला: आगीवरच्या खर्चातला जेमतेम पाचवा भाग ती लागू नये यासाठी, बाकी सगळा ती विझवण्यासाठी. मग स्वतंत्र संस्था आली, घराभोवती पन्नास मीटर साफ ठेवण्याचा कागदावरचा नियम दंड करून पाळायला लावला, गावागावांत पळण्याच्या वाटा आणि आसऱ्याच्या जागा ठरवल्या, शेळ्यांच्या कळपांना रान चरण्यासाठी पैसे दिले. प्रतिबंधाचा वाटा जवळजवळ निम्म्यावर आला. तरीही सप्टेंबर 2024 मध्ये उत्तरेकडचा पट्टा पुन्हा जळाला. पन्नास वर्षं उभं राहिलेलं जळण पाच-सात वर्षांत उतरत नाही.

आपल्याकडे मुख्य भर उपग्रहावर आहे. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून आगीचा इशारा वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो, आणि ही सोय खरोखर उपयोगी आहे. पण तिच्याकडून काय मागावं याची जाण हवी. सुओमी एनपीपी उपग्रहावरचं उपकरण 375 मीटरचा चौकोन पाहतं, म्हणजे सुमारे 14 हेक्टर. उपग्रह डोक्यावरून जातो तो दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास. दुपारी चारला पेटलेला उतार रात्री दहापर्यंत जळून काळा झालेला असतो. देशात 2020-21 च्या हंगामात अशा 3,45,989 नोंदी झाल्या आणि 2023-24 मध्ये 2,03,544. आकडा उतरला म्हणून खूश होण्याआधी लक्षात ठेवावं, की हे आगीचे ठिपके आहेत, जळालेलं क्षेत्र नाही. आणि ठिपका दिसला तरी डोंगरावर चढायला माणूस लागतोच. तो बहुधा चार महिन्यांच्या रोजंदारीवरचा असतो.

माणूस कुठून येतो, हे बघायला विदर्भात जावं लागतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेनं जो निर्णय घेतला तो ऐकून मी चकित झालो होतो. तेंदूची नवी, कोवळी पानं फुटावीत म्हणून झुडपं छाटतात आणि बऱ्याच ठिकाणी सरळ आग देतात. आग फुकट असते, छाटणीला म्हणजे खुटकटाईला मजुरी पडते. पाचगावनं तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. एप्रिल-मेचा हातात येणारा रोख पैसा सोडला आणि बांबूवर भिस्त ठेवली. पाळीपाळीनं जंगलावर पहारा बसला. माधव गाडगीळ यांनी या गावाबद्दल लिहिलं आहे: तेंदूची फळं आता माणसांना आणि रानच्या जिवांना खायला मिळतात. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला हाच हक्क 2009 मध्ये मिळाला होता, आणि जंगल राखण्याचा त्यांचा शिरस्ता त्याहून कितीतरी जुना.

सगळ्या गावांनी तेंदू सोडावा असं मी म्हणणार नाही. गडचिरोलीतल्या कित्येक घरांचं वर्ष तेंदूपानांच्या पुडक्यांवर चालतं. पण फरक ध्यानात घ्या. जिथे जंगलाचा फायदा गावाच्या हातात येतो तिथे वणवा ‘लागत’ नाही, तो कुणीतरी ‘लावतो’ आणि ग्रामसभेत त्याला नाव घेऊन विचारलं जातं. जिथे रान सरकारचं किंवा मुंबईच्या कुणाचं, तिथे व्याकरण जुनंच राहतं.

कोकणाला पाचगावची नक्कल करता येणार नाही, कोकणातला सातबाराच वेगळा. पण करण्याजोगं पुष्कळ आहे आणि ते फार खर्चिक नाही. वाडीच्या आणि बागांच्या भोवती दहा-बारा फुटांचा पट्टा कापणं, ग्रास कटर गावकीनं घेऊन पाळीनं वापरणं, कापलेलं गवत उडव्या रचून गुरं असलेल्या गावाला देणं, भाजावळीचे दिवस वाडीनं मिळून ठरवणं आणि भर दुपारी कुणालाही काडी ओढू न देणं. रोजगार हमीतून सामायिक उतारांच्या जाळरेषा काढता आल्या तर फारच बरं. त्यासाठी ग्रामपंचायतीनं आराखड्यात हे काम आत्ताच मागायला हवं, फेब्रुवारीत नव्हे.

चाकरमान्यांना एकच विनंती. दिवाळीला गावी जाल तेव्हा परतीची गाडी एक दिवस पुढे ढकला. सातबारावरच्या जेवढ्या भावंडांचे नंबर तुमच्याकडे आहेत त्यांना फोन करा, दोन गड्यांची मजुरी वर्गणी काढून द्या आणि शेजारच्या बागेला लागून असलेला तुमचा पट्टा कापून घ्या. अग्निहंगाम सुरू व्हायला अजून तीन महिने आहेत.