परदेशात शिक्षक होताना लागणारा पोलीस दाखला



१९१३ साली बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. आज राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांमुळे आपली मुले-मुलीही परदेशी शिकतात. काही जण तिकडे शिक्षकाची नोकरी करतात. ही अभिमानाची बाब आहे. मात्र कधी कधी केवळ एका कागदावाचून हातची नोकरी जाते. तो कागद म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, ज्याला थोडक्यात 'पीसीसी' म्हणतात.

माझ्या भाच्याचेच उदाहरण घ्या. तो आखातातील एका शाळेत गणित शिकवीत होता. दुसऱ्या देशातील शाळेने त्याची निवड केली आणि भारताचा व आखातातील देशाचा, असे दोन पोलीस दाखले मागितले. त्याने तेथूनच भारताच्या दाखल्यासाठी अर्ज केला. पण पासपोर्टवर पत्ता होता लाखनीतील जुन्या भाड्याच्या घराचा, जे सोडून आम्हांला सहा वर्षे झाली होती. चौकशीस आलेल्या शिपायाला तेथे दुसरेच कुटुंब आढळले. 'सदर इसम या पत्त्यावर राहत नाही' असा अहवाल गेला. पुन्हा अर्ज, पुन्हा चौकशी यात दोन महिने गेले व शाळेने जागा भरून टाकली. मुलावर कसलाही गुन्हा नव्हता. चूक आम्हा घरच्यांची होती.

हा दाखला मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. २००२ साली इंग्लंडमधील सोहॅम गावी शाळेच्या रखवालदाराने दोन मुलींचा खून केला. त्याच्याविरुद्ध पूर्वीच्या तक्रारी होत्या, पण नेमणूक करणाऱ्या शाळेपर्यंत त्या पोहोचल्या नव्हत्या. त्यानंतर तेथील पडताळणी कडक झाली. आपल्याकडेही २०२४ च्या बदलापूर प्रकरणानंतर शासनाने शालेय कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचे आदेश काढले. लेकरांच्या सुरक्षिततेसाठीच ही व्यवस्था आहे.

आता पद्धत पाहू. भारतात असताना पीसीसीचा अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर करावा लागतो. शुल्क ५०० रुपये आहे. भंडारा जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. परदेशात राहणाऱ्याने मात्र तेथील भारतीय वकिलातीकडे अर्ज करावयाचा असतो. गरज पडल्यास वकिलातीकडून चौकशी मूळ गावी येते. पोलीस अधीक्षक कार्यालयाचे नोकरीसाठीचे चारित्र्य प्रमाणपत्र वेगळे आणि पीसीसी वेगळी, हा फरक ध्यानात ठेवावा.

फक्त भारताचा दाखला पुरत नाही. ब्रिटनमध्ये शिक्षकाच्या कामासाठी व्हिसा मागताना, मागील १० वर्षांत वयाच्या १८ वर्षांनंतर ज्या ज्या देशात एकूण १२ महिने किंवा अधिक वास्तव्य झाले, त्या प्रत्येक देशाचा दाखला द्यावा लागतो. अमेरिकेत राहिलेल्यांना एफबीआयकडून बोटांच्या ठशांवरून दाखला मिळतो. शुल्क १८ डॉलर. देश सोडल्यावर ठसे देणे व टपालाने कागद पाठविणे जिकिरीचे होते. म्हणून कोणताही देश सोडण्यापूर्वीच तेथील दाखला मिळविण्याची तजवीज करावी. मात्र अनेक ठिकाणी काही महिन्यांच्या आतील दाखलाच चालतो, हे आधी विचारून घ्यावे.

दाखला हाती आला तरी काम संपत नाही. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे. करारातील देशांसाठी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का पुरतो. इतर देशांसाठी त्या देशाच्या वकिलातीचे साक्षांकनही लागते.

आपल्या समाजाच्या दृष्टीने एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे. २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजी हत्याकांडानंतर राज्यभर आंदोलने झाली, १ जानेवारी २०१८ च्या भीमा कोरेगाव घटनेनंतरही झाली. त्यांत अनेक तरुणांवर गुन्हे नोंदले गेले. अन्यायाविरुद्ध उभे राहणे हा कलंक नाही; पण प्रलंबित खटला दाखल्याच्या आड येऊ शकतो. शासनाने गुन्हे मागे घेण्याची घोषणा केली म्हणजे खटला संपला असे नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० नुसार (पूर्वीच्या संहितेचे कलम ३२१) सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो व न्यायालयाची संमती लागते. ज्यांचा खटला निकाली निघाला त्यांनी आदेशाची प्रमाणित प्रत काढून जपून ठेवावी. ज्यांचा चालू आहे त्यांनी वकिलाचा सल्ला घ्यावा. अर्जात माहिती लपविणे हे खटल्यापेक्षाही महागात पडते.

पालकांना एवढीच विनंती, की मुले परदेशी असताना घर बदलले तर त्यांना तत्काळ कळवावे आणि पासपोर्टवरील पत्ता बदलून घेण्यास सांगावे. शाळेचा दाखला, आधार व पासपोर्ट यांतील नाव अक्षरशः एकच असावे. लग्नानंतर मुलींच्या नावात फरक पडतो, तिकडे विशेष लक्ष द्यावे. चौकशीची वेळ येईल तेव्हा घरातील एक जाणते माणूस कागदपत्रांसह हजर असावे, शेजाऱ्यांनाही कल्पना द्यावी.

बाबासाहेबांनी 'शिका' म्हणून सांगितले. शिकलेल्याला शिकविण्याची संधी येईल तेव्हा कागदाअभावी ती दवडू नये, इतकेच सांगणे.

जयभीम! नमो बुद्धाय!