रॉकच्या घरात फंकचा ठेका

पाश्चात्य संगीताची गोडी असणाऱ्यांना ‘क्वीन’ हे इंग्लंडमधील रॉक वाद्यवृंदाचे नाव परिचित आहे. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा. त्याचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीला झाले आणि तेथेच शाळासोबत्यांच्या चमूत तो पियानो वाजवू लागला. परंतु आजच्या गोष्टीचा नायक फ्रेडी नव्हे. नायक आहे तो बास गिटार वाजवणारा, चौघांतला सर्वांत अबोल जॉन डीकन. लंडनच्या चेल्सी कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी पहिल्या वर्गात मिळवलेला हा तरुण मुलाखतींतही क्वचितच तोंड उघडी. पण त्याचे कान मात्र सदैव उघडे असत!

रॉकमध्ये गिटारचा गडगडाट पुढे आणि बास मागे. ‘फंक’ हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांनी घडवलेला प्रकार नेमका याच्या उलट. त्यात बास आणि ड्रम हेच राजे. जेम्स ब्राउनने आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सारा भार देण्याची रीत रूढ केली. आपल्याकडे समेला जे महत्त्व, काहीसे तसेच. बाकी वाद्ये थोडे थोडे बोलतात आणि मधल्या रिकाम्या जागाच श्रोत्याला डोलायला लावतात.

डीकनला लहानपणापासून या संगीताचे वेड. 1979 साली ‘शिक’ या कृष्णवर्णीय वाद्यवृंदाचे ‘गुड टाइम्स’ हे गीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्यातील बर्नार्ड एडवर्ड्सचे बासवादन ऐकणाऱ्याच्या मनातून जाता जात नाही. डीकन ‘शिक’च्या स्टुडिओत जाऊन बसला, त्यांचे काम जवळून पाहिले. तेथे पेरलेले बीज पुढे उगवले ते ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ या गीताच्या रूपाने. तीन सारखे, ठाशीव सूर. मग क्षणभर शांतता. मग एक छोटीशी गिरकी. एवढ्या भांडवलावर अख्खे गाणे उभे आहे.

1980 साली पश्चिम जर्मनीत म्युनिकला ध्वनिमुद्रण झाले. ड्रमवादक रॉजर टेलरला हा प्रकार मुळीच रुचेना. डीकनला आवाज हवा होता कोरडा, घुमारा नसलेला. म्हणून टेलरने नाइलाजाने ड्रममध्ये घोंगड्या कोंबल्या! बास तर डीकनचाच, पण ठेक्याची गिटारही बव्हंशी त्यानेच वाजवली. फ्रेडी मात्र गाण्यावर खूष होता. त्याने घसा सोलवटेपर्यंत गायन केले, अशी गिटारवादक ब्रायन मे याची आठवण आहे.

हे गीत ‘द गेम’ या संग्रहात आले, पण त्याची स्वतंत्र तबकडी काढण्याचा विचार नव्हता. लॉस एंजल्समधील कार्यक्रमानंतर भेटीस आलेल्या मायकेल जॅक्सनने आग्रह धरला, “हे गाणे वेगळे काढाच.” ऑगस्ट 1980 मध्ये तबकडी निघाली आणि ऑक्टोबरात ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन तीन आठवडे तेथेच राहिली. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आवडीची ‘सोल’ गीतांची यादी वेगळी असे. तिच्यातही हे गोऱ्यांचे गाणे दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले.

येथवर कथा आनंदाची. पण पुढे गंमत अशी, की काही वृत्तपत्रांनी उलट ‘शिक’नेच ‘क्वीन’ची नक्कल केली असा आरोप केला. ‘गुड टाइम्स’ वर्षभर आधीचे, हे साधे गणितही कोणी मांडले नाही. डीकनने आपल्याकडून काही उचलले याचा एडवर्ड्सला राग नव्हता. आपणच नकलाकार ठरलो, हे मात्र त्याला लागले. कृष्णवर्णीय कलावंताने निर्माण करावे आणि श्रेय दुसऱ्याच्या पदरात पडावे, हे त्या देशात नवे नव्हते.

संगीतात देवाणघेवाण चालायचीच. एका घराण्याची चीज दुसऱ्या घराण्यात जाते, तिथे नवे वळण घेते, आणि कला वाढते. डीकनने नक्कल केली नाही; ऐकले, पचवले आणि आपले काही घडवले. पण घेणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याचीही एक जबाबदारी असते. हे गीत पुन्हा कानावर येईल तेव्हा पाठोपाठ ‘गुड टाइम्स’ही अवश्य ऐकावे. धाकट्या भावाचे कौतुक करताना थोरल्याचे नाव विसरू नये, इतकेच.