फॉरमॅट करण्याआधी

डेराबस्सी हे मोहाली जिल्ह्यातलं, अंबाला-चंडीगड महामार्गावरचं कारखान्यांचं गाव. औषधं आणि रसायनांच्या या पट्ट्यात महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेले माझ्यासारखे लोकही भेटतात. आमचे तपासणी अहवाल, हिशेब, मुलांचा अभ्यास, सगळं लॅपटॉपवर. त्यामुळे पडदा निळा झाला की माणूस तडक दुकान गाठतो आणि तिथे बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकतो : ‘फॉरमॅट मार देते हैं जी.’

माझा लॅपटॉप काम करता करता निळा पडू लागला, तेव्हा मात्र मी गेलो त्या दुकानातल्या कारागिराने आधी विचारलं, ‘कोड क्या आता है, सर जी?’ मोबाईलवर काढलेले फोटो मी त्याच्यापुढे धरले. एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, एकदा ‘पेज फॉल्ट’. कोड दर वेळी वेगळा. तो म्हणाला, एकच कोड पुन्हा पुन्हा येत असेल तर बहुधा एखादा ड्रायव्हर बिघडलेला असतो. कोड असे बदलत राहिले तर आधी रॅमवर संशय घ्यायचा.

निळा पडदा हा खरं तर बचाव आहे. विंडोजच्या गाभ्यात काही भलतं घडलं आणि ते तसंच पुढे रेटलं, तर डिस्कवर चुकीची माहिती लिहिली जाण्याचा धोका असतो. म्हणून यंत्रणा स्वतःच थांबते. पडद्यावर टक्के वाढताना दिसतात, त्या वेळात ती त्या क्षणाची मेमरी फाईलमध्ये साठवत असते. घाईने बटण दाबून लॅपटॉप बंद केला, तर हा पुरावाच अपुरा राहतो.

या फाइली सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात, ‘मिनीडंप’मध्ये सापडतात. कारागिराने प्रथम माझ्या कामाच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून घेतल्या आणि मग ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ या छोट्या मोफत प्रोग्रॅममध्ये डंप उघडले. ‘कारण’ या रकान्यात जवळजवळ सगळीकडे ‘एनटीओएसकेआरएनएल’ होतं. ते विंडोजच्या गाभ्याचंच नाव. घाव तिथे दिसतो, घालणारा बहुधा दुसराच असतो. हे नाव वाचून अनेक जण विंडोज नव्याने टाकतात, आणि आठवड्याभरात पडदा पुन्हा निळा होतो. इव्हेंट व्ह्यूअरमधली ‘कर्नल-पॉवर 41’ ही नोंदही अशीच फसवी. लॅपटॉप नीट बंद न होता बंद पडला, एवढंच ती सांगते.

मग ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडला. त्यात तारखेनुसार लाल फुल्या दिसतात. फुल्या सुरू झाल्या त्याच्या आसपास काय बदललं? लॅपटॉप हळू चालतो म्हणून मी रॅमची दुसरी पट्टी बसवून घेतली होती.

मागचं झाकण निघालं. आत डेराबस्सीच्या महामार्गावरची धूळ पंख्याला चिकटलेली. ती ब्रशने काढली, रॅमच्या पितळी रंगाच्या कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या. तरी निकाल चाचणीवरच ठरायचा. पेनड्राइव्हवरून ‘मेमटेस्ट86’ सुरू केलं. दोन्ही पट्ट्या एकत्र असताना लाल ओळी आल्या. मग एकेक पट्टी एकटी तपासली. जुनी स्वच्छ निघाली, नवी पुन्हा लाल. तीच नवी पट्टी दुसऱ्या खाचेत लावली, तिथेही लाल. दोष पट्टीबरोबर फिरला म्हणजे पट्टीच खराब. तो खाचेपाशीच थांबला असता, तर खर्च मदरबोर्डवर गेला असता. या चाचणीत एकही चूक चालत नाही, आणि ती रात्रभर चालू द्यावी लागते, कारण काही दोष यंत्र तापल्यावरच उघडे पडतात.

वॉरंटीत पट्टी बदलून मिळाली. विंडोजला हातही लावावा लागला नाही.

19 जुलै 2024 ला जगभर हाच धडा मोठ्या प्रमाणावर मिळाला. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाईल अपडेटमधून गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख संगणक निळे पडले. आपल्याकडेही काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय काय होता? बहुतेक ठिकाणी सेफ मोडमध्ये जाऊन ती फाईल काढून टाकणं. अडचण आली ती बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद केलेल्या यंत्रांवर, कारण तिथे आधी 48 अंकी रिकव्हरी की हवी होती.

तेव्हा ही की आजच आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधा आणि कागदावर लिहून ठेवा. पडदा निळा झाला तर कोडचा फोटो घ्या, टक्के पूर्ण होऊ द्या, फाइलींची प्रत काढा आणि नुकतं काय बदललं ते आठवा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर गुण कशाने आला तेच कळणार नाही. आणि कोड न विचारता फॉरमॅट सुचवणाऱ्या दुकानातून लॅपटॉप उचला आणि पुढचं दुकान गाठा.